रोजच्या प्रार्थनेची घडी कशी बसवावी

कफर्णहूम गावात त्या संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सारे नगर दाराशी लोटले होते. लोक आजाऱ्यांना आणि भूतग्रस्तांना घेऊन येत होते आणि येशू त्यांना बरे करत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे, अजून बराच अंधार असताना, तो उठला, एकांत जागी गेला आणि तेथे त्याने प्रार्थना केली, असे मार्क आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात सांगतो. शिमोन आणि त्याचे सोबती त्याला शोधत आले, तेव्हा सगळे लोक त्याचा शोध करत असल्याचे त्यांनी त्याला सांगितले. म्हणजे काम संपल्यामुळे मोकळा वेळ मिळाला आणि म्हणून त्याने प्रार्थना केली, असे मुळीच नव्हते. कामाची रीघ लागलेली असतानाच त्याने पित्याजवळ जाण्यासाठी वेळ काढला, आणि बारा प्रेषित निवडण्यापूर्वी तर त्याने अख्खी रात्र प्रार्थनेत घालवली. देवाच्या पुत्राला ज्याची गरज वाटली, त्यावाचून आपले भागेल असे ख्रिस्ती माणसाने समजणे धाडसाचे आहे.

त्याला प्रार्थना करताना पाहूनच एका शिष्याने ‘आम्हाला प्रार्थना करायला शिकव’ अशी विनंती केली. हे शिष्य लहानपणापासून सभास्थानात जाणारे यहूदी होते. स्तोत्रे त्यांच्या कानांवरून कितीतरी वेळा गेली असणार. तरीही त्यांना शिकावेसे वाटले, आणि येशूनेही ‘प्रार्थना आपोआप सुचते’ असे न सांगता त्यांना शब्द दिले. या लेखाचा सारा रोख याच गोष्टीवर आहे. प्रार्थना शिकावी लागते, ती दिलेल्या शब्दांनी आणि ठरलेल्या वेळी शिकता येते, आणि मनाला उमाळा येईपर्यंत थांबणाऱ्याची प्रार्थना बहुधा होतच नाही. रविवारच्या उपासनेला नियमाने जाणारी, विश्वासात खोट नसलेली, पण सोमवार ते शनिवार प्रार्थनेची घडी विस्कटलेली अनेक कुटुंबे आपल्या मंडळ्यांमध्ये आहेत. पुढील सूचना प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत.

वेळ आणि जागा

प्रथम वेळ ठरवावी. दानीएलाच्या सहाव्या अध्यायात राजाज्ञेने प्रार्थनेवर बंदी आली, तेव्हा दानीएल यरुशलेमच्या दिशेच्या खिडक्या असलेल्या आपल्या माडीवरच्या खोलीत गेला आणि पूर्वीपासूनच्या क्रमाप्रमाणे दिवसातून तीन वेळा गुडघे टेकून प्रार्थना करत राहिला. ‘पूर्वीपासूनच्या क्रमाप्रमाणे’ हे येथे फार महत्त्वाचे आहे. संकटाच्या दिवशी त्याला नवीन काही सुरू करावे लागले नाही. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी लिहिल्या गेलेल्या ‘दिदाखे’ या मंडळीच्या शिकवणपुस्तिकेतही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणण्यास सांगितले आहे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने तीन वेळांचा संकल्प करू नये. एक वेळ धरावी आणि ती टिकवावी. सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्याला पहाटेची अर्धा तास प्रार्थना जमणार नाही, आणि त्याबद्दल त्याने स्वतःला दोषही लावून घेऊ नये. त्याने रात्रीची वेळ ठरवावी आणि सकाळी उठल्याबरोबर प्रभूची प्रार्थना तेवढी सावकाश म्हणावी. आरंभी दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. सहाव्या शतकात संत बेनेदिक्त यांनी मठवासीयांसाठी घालून दिलेल्या नियमातसुद्धा प्रार्थना थोडक्यात आणि शुद्ध मनाने करावी असे सांगितले आहे, आणि मठातले लोक तर याच कामासाठी घरदार सोडून आलेले होते.

येशूने खोलीत जाऊन दार लावून घेण्यास सांगितले आहे. ज्या घरात एकाच खोलीत पाच माणसे राहतात तेथे दार कोठून आणावे, हा प्रश्न खरा आहे. अशा वेळी जागेपेक्षा वेळ हेच दार मानावे: घरातले सगळे उठण्याआधीची, किंवा मुले शाळेत गेल्यानंतरची. बसण्याची जागा मात्र शक्यतो रोज तीच असावी, बायबल तेथेच ठेवलेले असावे आणि मोबाईल दुसरीकडे असावा. मोबाईलवर बायबल वाचण्यात गैर काही नाही. पण वचन उघडण्याआधी आलेले संदेश दिसतात आणि मन तिकडे जाते, म्हणून प्रार्थनेच्या वेळेपुरते छापील पुस्तक अधिक चांगले, असे माझे ठाम मत आहे.

१५३५ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी पीटर नावाच्या आपल्या न्हाव्याला प्रार्थना कशी करावी हे समजावून सांगण्यासाठी एक छोटे लेखन केले. त्यात त्यांनी सकाळचे पहिले आणि रात्रीचे शेवटचे काम प्रार्थना असावे असे सांगून, ‘थोडा थांब, तासाभराने प्रार्थना करीन, आधी हे एवढे उरकतो’ या विचारापासून सावध राहण्यास बजावले आहे, कारण एका कामातून दुसरे निघत जाते आणि त्या दिवसाची प्रार्थना राहून जाते. पाचशे वर्षांपूर्वीचा हा इशारा आज आपल्या घरांत जसाच्या तसा लागू पडतो.

शब्द कोठून आणावेत

अनेकांची तक्रार असते की बसल्यावर काय बोलावे हेच सुचत नाही; दोन मिनिटांत सगळे सांगून होते आणि मग तेच तेच शब्द फिरून येतात. यावर उपाय एकच: आपल्या शब्दांनी सुरुवात करू नये. स्तोत्रसंहितेतली दीडशे स्तोत्रे हे ख्रिस्ती मंडळीचे सर्वांत जुने प्रार्थनापुस्तक आहे. स्वतः प्रभूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांनी पित्याला हाक मारली. रोज एक स्तोत्र घ्यावे. एकशे एकोणिसावे स्तोत्र १७६ वचनांचे आहे, पण ते आठ-आठ वचनांच्या बावीस भागांत विभागलेले असल्यामुळे ते बावीस दिवसांना वाटून देता येते. या हिशेबाने १७१ दिवसांत, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच, संपूर्ण स्तोत्रसंहिता एकदा होते. एकशे सतरावे स्तोत्र दोनच वचनांचे आहे. त्या दिवशी घाईने पुढचे घेऊ नये, तेवढ्यावरच थांबावे.

स्तोत्र आवाज काढून वाचावे, निदान ओठ तरी हलावेत. नुसत्या डोळ्यांनी वाचले की ते वाचन होते आणि प्रार्थना बाजूला राहते. एकदा सलग वाचून झाल्यावर दुसऱ्यांदा वाचताना जे वचन मनाला अडवते तेथे थांबावे आणि तेच वचन देवाला उद्देशून आपल्या शब्दांत म्हणावे. सकाळी तिसरे आणि रात्री चौथे स्तोत्र सुरुवातीला फार उपयोगी पडते, कारण पहिल्यात झोपून उठल्याचा आणि दुसऱ्यात स्वस्थपणे झोपी जाण्याचा उल्लेख आहे.

प्रभूची प्रार्थना तर रोज म्हणावीच, पण ती एका दमात संपवू नये. तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. देवाचे नाव, देवाचे राज्य आणि देवाची इच्छा हे आधी येते, आणि त्यानंतर आपली भाकर, आपली पापे आणि आपली परीक्षा. आपल्या बहुतेक प्रार्थना चौथ्या विनंतीपासून सुरू होतात आणि तेथेच संपतात. भाकर मागण्यात काहीच कमीपणा नाही, तिला प्रभूने प्रार्थनेत स्थान दिले आहे. परंतु पहिल्या तीन विनंत्या प्रामाणिकपणे म्हटल्यावर भाकरीची विनंतीही वेगळ्या मनाने होते. शिवाय तेथे ‘माझी’ भाकर नसून ‘आमची’ आहे, त्यामुळे शेजारच्या घरातली रिकामी ताटेही त्या विनंतीत येतात.

लूथर यांनी त्या न्हाव्याला आणखी एक पद्धत सांगितली होती, आणि मला ती सर्वांत उपयुक्त वाटते. दहा आज्ञांपैकी एकेक आज्ञा घ्यावी आणि तिच्यातून चार गोष्टी कराव्यात: ती काय शिकवते ते पाहावे, तिच्यासाठी उपकार मानावेत, तिच्या उजेडात आपले पाप कबूल करावे आणि शेवटी मागणे मागावे. निर्गमाच्या विसाव्या अध्यायातली ‘चोरी करू नको’ ही आज्ञा घेऊ. ऐकताक्षणी वाटते की ही आपल्यासाठी नाही. पण शांत बसून पाहिले, तर प्रत्येकाच्या कष्टाच्या मिळकतीभोवती देवाने स्वतः कुंपण घातले आहे, हे ती शिकवते. मग उपकार मानायचे ते आपल्या पगाराबद्दल, आईवडिलांनी राखून ठेवलेल्या घराबद्दल, आणि ज्यांनी आपल्याला फसवले नाही अशा माणसांबद्दल. पापांगीकाराच्या वेळी मात्र घरकाम करणाऱ्या मावशींनी दोन दिवस खाडा केला म्हणून कापलेले पैसे आठवतात, कामाच्या वेळेत मोबाईलवर घालवलेला तास आठवतो, भावाच्या वाट्याची जमीन आपल्याच नावावर राहिलेली आठवते. आणि शेवटचे मागणे असे होते की ‘प्रभू, मावशींचे पैसे आज संध्याकाळी परत देण्याची बुद्धी दे, आणि भावाला फोन करण्याचे धैर्य दे.’ अशा रीतीने सहा शब्दही नसलेल्या एका आज्ञेवर पंधरा मिनिटांची प्रार्थना होते, तीत पोकळ शब्द उरत नाही, आणि ती संपल्यावर काय करायचे आहे हेही स्पष्ट होते.

दुःख असेल तेव्हा

ख्रिस्ती माणसाने देवापुढे नेहमी आनंदीच असले पाहिजे, असा एक समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. घरात कोणी मरण पावले असतानाही ‘रडू नका, स्तुती करा’ असे सांगणारे लोक भेटतात. त्यांचा हेतू चांगला असतो, पण बायबलचा आधार या सल्ल्याला नाही. स्तोत्रसंहितेतला फार मोठा भाग विलापाचा आहे. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद चार वेळा ‘कोठवर’ असे विचारतो: देव कोठवर विसरणार, कोठवर मुख लपवणार, मनाला कोठवर खंत करावी लागणार, शत्रू कोठवर वरचढ राहणार. मग तो मागणे मागतो, आणि सहा वचनांचे ते स्तोत्र देवाच्या दयेवरील भरवशाने संपते. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर तेवढेही करत नाही. ते अंधारातच संपते, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे.

म्हणून ज्याच्या घरात दीर्घ आजार आहे, ज्याची नोकरी गेली आहे किंवा ज्याचे मूल दुरावले आहे, त्याने तेराव्या स्तोत्राचा साचा घ्यावा. आधी ‘कोठवर’ हा प्रश्न नाव घेऊन विचारावा. त्यानंतर नेमके काय हवे आहे ते मागावे. भरवशाचे शेवटचे वचन मनातून निघत नसेल तर ते शास्त्राचे वचन म्हणून वाचावे. उद्या किंवा महिन्याने ते आपले होईल. देवाजवळ तक्रार करणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो. तक्रार घेऊन तो देवाकडेच आलेला असतो. आणि शब्दच फुटत नसतील, तर पवित्र आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो, हे रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायातले आश्वासन धरून नुसते बसून राहावे.

मागणे आणि उत्तर

आपण मागण्यापूर्वीच आपल्या गरजा पित्याला ठाऊक असतात, असे येशूने सांगितले आणि लगेच पुढे मागायलाही शिकवले. तेव्हा मागणे हे देवाला माहिती पुरवण्यासाठी नसते. मागताना आपण कोणाचे आहोत आणि कोणावर अवलंबून आहोत हे आपल्या तोंडून कबूल होते, आणि आपल्या इच्छाही उजेडात येतात. काही इच्छा मोठ्याने देवापुढे मांडायला गेले की आपल्यालाच त्यांची लाज वाटते. तो प्रार्थनेचा मोठाच लाभ आहे.

मागणे नेमके असावे. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ या प्रार्थनेचे उत्तर आले की नाही, हे कोणालाच कधी कळणार नाही. मुलीची बुधवारी मुलाखत असेल तर मुलाखतीचेच नाव घ्यावे. मात्र ‘हे दिलेस तर मी ते करीन’ असा सौदा देवाशी करू नये. पिता आणि लेकरू यांच्यात देवघेवीचा करार नसतो. आजारपणात प्रार्थना करावी, मंडळीच्या वडिलांना बोलावून करवून घ्यावी, याकोबाच्या पत्रात तसे सांगितलेच आहे. पण प्रार्थनेच्या भरात मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा फेफऱ्याची औषधे कोणी बंद करायला सांगितली, तर ते मुळीच ऐकू नये. औषध घेतल्याने विश्वास कमी होत नाही, आणि अशा सल्ल्याने माणसे दगावतात.

उत्तर नकाराचेही असू शकते. गेथशेमानेत प्रभूने हा प्याला दूर करण्याची विनंती केली, पुन्हा जाऊन त्याच शब्दांत केली, आणि प्रत्येक वेळी पित्याच्या इच्छेवर सोपवली. प्याला दूर झाला नाही. पौलाने देहातल्या काट्यासाठी तीन वेळा विनवणी केली. काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ हे उत्तर मिळाले. तेव्हा आपली विनंती मान्य झाली नाही म्हणजे आपला विश्वास उणा पडला, असे स्वतःला किंवा विशेषतः दुसऱ्याला सांगू नये. मृत्यूच्या घरी जाऊन असे बोलणारा माणूस त्या कुटुंबावर दुसरा आघात करतो.

इतरांसाठी

मध्यस्थीच्या प्रार्थनेसाठी एक साधी वही करावी. आठवड्याच्या प्रत्येक वाराला काही नावे वाटून द्यावीत: एका दिवशी नातेवाईक, एका दिवशी शेजारी आणि सहकारी, एका दिवशी आजारी माणसे, रविवारी आपले पाळक किंवा धर्मगुरू. एक दिवस राज्यकर्त्यांसाठी ठेवावा, कारण राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची सूचना तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, आणि त्या काळचे सत्ताधीश ख्रिस्ती नव्हते. ज्याच्याशी आपले पटत नाही अशा एका तरी माणसाचे नाव वहीत असावे. त्याचे नाव रोज घेऊन त्याच्याविषयी वाईट चिंतणे कठीण जाते.

एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. ‘प्रार्थनाविषय’ म्हणून मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर लोकांच्या घरातल्या गोष्टी फिरतात: कोणाच्या सुनेचे काय झाले, कोणाचा मुलगा व्यसनी झाला, कोणाच्या तपासणीत काय निघाले. त्या माणसाला विचारल्याशिवाय एवढे तपशील देण्याचा अधिकार कोणालाही नाही. देवाला तपशील ठाऊक आहेत. गटाला ‘एका कुटुंबासाठी प्रार्थना करा’ एवढे पुरते.

कुटुंबाची प्रार्थना

मराठी ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या जेवणाआधी सर्वांनी एकत्र बसून प्रार्थना करण्याची जुनी रीत आहे. वसईच्या कॅथलिक घरांत त्याच वेळी जपमाळ म्हणतात. ही रीत मोडत चालली असेल तर ती पुन्हा बसवणे अवघड नाही, फक्त ती आटोपशीर असली पाहिजे. एक गीत, एक स्तोत्र, दोन-तीन जणांची छोटी प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून प्रभूची प्रार्थना, एवढे पंधरा मिनिटांत सहज होते. गीत निवडताना रेव्हरंड नारायण वामन टिळक यांची भजने विसरू नयेत. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अभंगाच्या चालीत ख्रिस्ताला आळवले, आणि त्यामुळे पेटी नसली तरी नुसत्या टाळ्यांवर आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना ती म्हणता येतात.

मोठ्यांनी दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. प्रार्थना लांबवू नये. मुले भुकेली असतात आणि पुढे त्यांच्या मनात प्रार्थनेची आठवण कंटाळ्याशी जोडली जाते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे: डोळे मिटून देवाशी बोलत असल्याचे भासवत मुलांना बोलणी लावू नयेत. ‘हे प्रभू, आमच्या घरातल्या काही जणांना अभ्यासाचे महत्त्व कळू दे’ ही प्रार्थना देवाला उद्देशून नसते, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळते. अभ्यासाविषयी मुलाशी मुलाच्या तोंडावर बोलावे. त्याऐवजी वडिलांनी ‘आज मी रागाने बोललो, मला क्षमा कर’ असे सर्वांदेखत म्हटले, तर मुले प्रार्थनेविषयी जे शिकतील ते शब्बाथशाळेच्या अनेक धड्यांतून शिकणार नाहीत. इंग्रजी माध्यमातल्या किंवा परदेशात वाढणाऱ्या मुलांना शास्त्राची मराठी जड जाते. त्यांना जी भाषा येते तीत त्यांनी प्रार्थना करावी, आणि प्रभूची प्रार्थना तेवढी सर्वांबरोबर मराठीत म्हणावी.

सामूहिक प्रार्थनेचे आपल्या मातीतले उदाहरण म्हणजे पुण्याजवळच्या केडगावचे मुक्ती मिशन. १९०५ मध्ये तेथे पंडिता रमाबाईंनी स्त्रिया आणि मुली यांचे गट जमवून रोज प्रार्थना सुरू केली, आणि त्यातून झालेल्या जागृतीची वार्ता दूरवर पोहोचली. पण त्याच आवारात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, आणि दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली तेथे शिकत आणि काम करत होत्या. प्रार्थनेत वेळ घालवला की सेवेला वेळ उरत नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी केडगावकडे पाहावे.

अडथळे

मन भटकणे हा सर्वांचा अनुभव आहे. लूथर यांनी पीटरला त्याच्याच धंद्याचा दाखला दिला होता: चांगल्या न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असते, तो गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचे नाक कापेल. परंतु भटकलेल्या मनावर चिडण्यात वेळ दवडू नये. ज्या विषयाकडे मन गेले तोच विषय, मग तो विजेच्या बिलाचा का असेना, एका वाक्यात देवाला सांगावा आणि स्तोत्राच्या वचनाकडे परत यावे.

दुसरा अडथळा भांडणाचा असतो, आणि तो अधिक शब्दांनी दूर होत नाही. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे वेदीजवळ आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा, असे डोंगरावरील प्रवचनात सांगितले आहे. पेत्र तर पतींना स्पष्ट बजावतो की पत्नीला मान द्या, म्हणजे तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येणार नाही. घरात पत्नीला तुसडेपणाने बोलून मंडळीत लांबलचक प्रार्थना करणाऱ्या पुरुषांनी हे वचन वारंवार वाचावे. प्रार्थना कोरडी पडली असेल तर आधी या बाजूने तपासून पाहावे. कारण सापडले नाही, तर तो कोरडेपणा सोसत ठरलेल्या वेळी बसत राहावे. असे दिवस भक्कम विश्वासाच्या माणसांच्या वाट्यालाही येतात.

शेवटी खंड पडण्याविषयी. लग्नसराई, परीक्षा, आजारपण, प्रवास यांत काही दिवस चुकतात, आणि मग थकलेल्या हप्त्यांप्रमाणे सगळी राहिलेली स्तोत्रे एकदम भरून काढावीत असे वाटते. तसे करू नये. त्या ओझ्याने चार दिवसांत सगळेच सुटते. स्तोत्रसंहितेत जेथे खूण ठेवली असेल तेथून पुढचे एकच स्तोत्र आज घ्यावे, वहीतली आजच्या वाराची नावे घ्यावीत, आणि तीन आठवडे उलटूनही एकट्याने घडी बसत नसेल तर मंडळीतल्या एखाद्या विश्वासू माणसाला ठरलेल्या वेळी आपल्याबरोबर बसण्याची किंवा फोनवर एकत्र प्रार्थना करण्याची विनंती करावी.